परसातले सुगंध (भाग 6) : गवती चहा

मागच्या आठवड्यात ओव्याच्या पानांची भजी झाली. आज त्याच्याच शेजारच्या वाफ्यातला गवती चहा घेऊ. भाजीवाल्याकडे आलं-पुदिन्याच्या बाजूला त्याच्या जुड्या असतात, पावसाळ्यात टपरीवरच्या पातेल्यात त्याची गाठ मारलेली पात उकळत असते. इतकं ओळखीचं रोप, पण त्याचा उत्तम भाग आपण कचऱ्यात टाकतो आणि उरलेल्याचा वास उकळून उडवून देतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

या गवताची सगळी करामत सिट्रल नावाच्या एका द्रव्यात आहे. पातीतून वाफेवर जे तेल काढतात, त्यात साधारण 70 ते 80 टक्के सिट्रल असतं. खुद्द लिंबाच्या सालीच्या तेलात ते दोन-चार टक्क्यांच्या आसपासच सापडतं. तिथे मुख्य भरणा असतो लिमोनिनचा, जे संत्र्याच्या सालीतही असतं. म्हणजे लिंबाचा म्हणून आपण जो वास ओळखतो, तो लिंबापेक्षा या गवतात अधिक ठासून भरलेला आहे. आंबटपणा मात्र अजिबात नाही, म्हणून दुधाच्या चहात तो घातला तरी दूध फाटत नाही.

सिट्रल पाण्यात फारसं विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात चटकन मिसळतं आणि वाफेबरोबर उडून जातं. चहाची कृती या तीन गोष्टींवरूनच ठरवावी. उघड्या पातेल्यात पात दहा-दहा मिनिटं खळखळ उकळली की घरभर दरवळ सुटतो आणि लोक खूश होतात. पण जो वास घरभर गेला, तो कपात यायचा राहिला! आलं हवं तितकं आधी उकळा. पात कात्रीने बारीक कापून मागाहून टाका, कारण तेल पातीच्या आतल्या पेशींत असतं आणि कापल्याशिवाय ते मोकळं होत नाही. दूध घातल्यावर एक उकळी आली की गॅस बंद करून चार मिनिटं झाकून ठेवा. दुधातला स्निग्धांश वास धरून ठेवतो. बिनदुधाच्या काढ्याला झाकण तर हवंच हवं.

आता कचऱ्यात जाणारा भाग. ठोंबाच्या बुडाशी पाती एकमेकींना बिलगून पांढरट, फिकट जांभळा दांडा तयार होतो. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियात स्वयंपाकाला लागतो तो हाच. थायलंडच्या तोम यम सूपमध्ये तो ठेचून पडतो, व्हिएतनामी स्वयंपाकात बारीक चिरून मांसाला चोळतात. आपण पाती कापतो आणि दांडा जमिनीत ठेवतो. ठोंब उपटलाच तर फेकतो. कोकणात आणि गोव्यात नारळाचं दूध रोजचं आहे, तिथे हा दांडा फार शोभेल. बत्त्याने ठेचून माशांच्या किंवा तिरफळ नसलेल्या एखाद्या सौम्य आमटीत सोडावा, नारळाच्या रसात हलका शिजू द्यावा आणि वाढण्याआधी काढून टाकावा. तिरफळ असेल तर नको, दोन्ही वास एकमेकांवर कुरघोडी करतात. दांड्याची बाहेरची सालं चिवट असतात. ती सोलून फक्त आतला कोवळा भाग अगदी बारीक चिरला, तरच तो खाण्याजोगा होतो.

औषधाकडे वळताना हात थोडा आखडता घेतो. सर्दी-तापात आलं, तुळस, मिरी, गूळ आणि गवती चहाचा काढा घराघरांत होतो. घाम येतो, घसा शेकला जातो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. यातलं किती श्रेय गवताचं आणि किती गरम पाण्याचं, हे सांगणं अवघड आहे. तेल बुरशीवर प्रभावी ठरतं हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे, पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि कपातला पातळ काढा वेगळा. ब्राझीलचं उदाहरण बोलकं आहे. तिथे हा चहा झोप लागावी, मन शांत व्हावं म्हणून घरोघरी पितात. 1986 मध्ये तिथल्याच संशोधकांनी निरोगी माणसांना तो पाजून तपासलं, तेव्हा झोपेवर वा चिंतेवर कोणताही परिणाम आढळला नाही. घातक परिणामही दिसले नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा आवडीने प्या. मात्र ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर काढ्याचं प्रमाण वाढवू नका, डॉक्टरांकडे जा. गरोदर स्त्रियांनी कधीमधी कपभर चहा घेणं वेगळं, दाट काढा किंवा तेल पोटात घेणं टाळावं.

या गवताने खरा पैसा मिळवला तो सुगंधाच्या बाजारात. 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सिट्रल आणि अॅसिटोनपासून आयोनोन बनवलं. त्याला व्हायोलेट फुलांचा वास येतो. खऱ्या फुलांचं अत्तर राजेरजवाड्यांनाच परवडायचं. आता तोच वास मलबारच्या डोंगरउतारावरल्या गवतापासून मिळू लागला आणि कोचीहून तेलाची पिंपं परदेशी जाऊ लागली. पुढे आयोनोनपासूनच कृत्रिम अ जीवनसत्त्व तयार झालं. केरळात ओडक्कली इथे 1951 मध्ये या गवतासाठी खास संशोधन केंद्र निघालं. नंतर सिट्रल खनिज तेलापासून स्वस्तात बनू लागलं आणि गवताची सद्दी ओसरली. शंभर किलो ओल्या पाल्यातून फार तर अर्ध्या किलोच्या आसपास तेल हाती येतं, तिथे कारखान्याशी स्पर्धा कशी करणार?

याचाच एक भाऊबंद आपल्या खानदेशात आहे, रोशा गवत. त्याच्या तेलाला गुलाबासारखा वास. एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून कॉन्स्टॅन्टिनोपलला जायचं आणि तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जायचं.

साबण, शाम्पू, अगरबत्ती, फरशी पुसायचं द्रावण यांत गवती चहाचा वास आज सगळीकडे आहे. घरी सौंदर्यासाठी वापरायचा तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे आंघोळीच्या गरम पाण्यात मूठभर कापलेली पात टाकून बादली झाकून ठेवणं. दमलेले पाय अशा पाण्यात बुडवून बसावं. बाटलीतलं तेल मात्र थेट त्वचेवर लावू नका. सिट्रलने काहींना पुरळ उठतं, म्हणूनच युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचं नाव छापणं बंधनकारक आहे. 100 मिली खोबरेल तेलात दहा थेंब पुरेत, आणि तेही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस वाट पाहून. चेहऱ्याला नकोच.

डासांसाठी कुंडी आणणाऱ्यांची निराशा होईल. डास पळवणाऱ्या मलमांतलं सिट्रोनेला हे याच कुळातल्या दुसऱ्या गवताचं तेल आहे, आणि पातीच्या पेशींत बंद असलेलं तेल डासांना हाकलायला बाहेर येत नाही. मधमाश्यांना मात्र सिट्रलची ओढ असते. आपल्या सोबतिणींना बोलावताना त्या जो गंध सोडतात, त्यात सिट्रल असतं. म्हणून मधमाशीपालक रिकाम्या पेटीत या तेलाचा थेंब लावून थव्याला आमंत्रण देतात.

आपल्या परसातला गवती चहा जवळजवळ कधीच फुलत नाही, त्यामुळे बियांच्या नादी लागू नका. मुळं असलेला एक फुटवा पुरतो. ऊन आणि पाण्याचा निचरा हवा. कापताना जमिनीपासून वीतभर वर कापा आणि पातीच्या कडेवरून बोट फिरवू नका, ती कातडी चिरते. तीन-चार वर्षांनी ठोंब मधून वाळू लागतो. तो पहिल्या पावसानंतर खणून काढा, फुटवे वेगळे करा, कोवळे दांडे स्वयंपाकघरात न्या आणि उरलेले फुटवे शेजारीपाजारी वाटून टाका. आमटीत दांडा घालून पाहिलात, तर कशी झाली ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात मरवा.