वाळू, प्लायवूड आणि खर्ज

लाउडस्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन तरंग परस्परविरुद्ध असल्यामुळे, शंकू उघड्यावर ठेवला तर खर्जाचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. सेकंदाला ५० कंपने, म्हणजेच ५० हर्ट्झ, असलेल्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते आणि एवढ्या लांब तरंगाला बारा इंची शंकूला वळसा घालून पुढे येणे मुळीच जड जात नाही. मागच्या तरंगाला अडवणे किंवा वळवून कामी लावणे हे पेटीचे प्रयोजन आहे.

राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये आजच्या लाउडस्पीकरचे मूळ रूप मांडले, तर बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालेल्या पेटंटमुळे भोक असलेली पेटी, म्हणजे ‘बास रिफ्लेक्स’, रूढ झाली. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की आतली हवा ठरावीक स्वरात घुमते, त्याच तत्त्वाने या पेटीतील हवा भोकाच्या आकारमानानुसार ठरलेल्या स्वराला बळ देते.

घरी पेटी बांधण्याच्या छंदाला शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांचे स्थान फार वरचे आहे. कापडव्यवसायातून आलेल्या या गृहस्थाने १९३२ मध्ये ‘व्हार्फडेल’ या लाउडस्पीकर कंपनीची स्थापना केली आणि १९४८ पासून लाउडस्पीकरवर सामान्य वाचकाला समजतील अशी पुस्तके लिहिली. पेटीच्या भिंती स्वतः कंप पावू लागल्या की मूळ संगीतात नसलेला आवाज त्यात मिसळतो, हे ओळखून त्यांनी प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरण्याची युक्ती पुरस्कारली. वाळूचे कण एकमेकांवर घासले जातात आणि कंपनांची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. खोलीच्या कोपऱ्यात विटांची पेटी रचण्याचा पर्यायही त्यांनी सुचवला होता, आणि गवंडीकामातून सुरेल खर्ज मिळवण्याची ही कल्पना आजही मोहक वाटते. पुढे बीबीसीच्या अभियंत्यांनी नेमका उलटा मार्ग धरला: बर्चच्या पातळ प्लायवूडला आतून डांबरी थर चिकटवून त्यांनी कंपने शमवली.

जुने लाउडस्पीकर नव्या पेटीत बसवताना सर्वांत मोठी चूक घनफळाची होते. आतल्या हवेची स्प्रिंग किती ताठ असते हे पेटीच्या घनफळावर ठरते. शंकूला लवचीकपणे धरून ठेवणाऱ्या टांगणीइतकाच ताठपणा असणाऱ्या हवेच्या घनफळाला त्या लाउडस्पीकरचे ‘समतुल्य घनफळ’ म्हणतात. ते २१० लिटर असलेला आणि मोकळ्यावर ४० हर्ट्झला घुमणारा लाउडस्पीकर ७० लिटरच्या बंद पेटीत कोंडला, तर त्याचा घुमण्याचा स्वर ८० हर्ट्झवर चढतो आणि खोल खर्ज हरपतो. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात हे हिशेब सूत्रबद्ध केले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज मिळवला खरा, पण त्यासाठी त्यांनी मुद्दाम सैल टांगणीचा लाउडस्पीकर घडवला होता. ताठ टांगणीच्या जुन्या लाउडस्पीकरकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बदल करताना आधी मोजमाप करावे. वेगवेगळ्या कंपनसंख्यांचा विद्युतसंदेश देऊन लाउडस्पीकरचा विद्युतरोध नोंदवला, तर भोकाच्या पेटीत त्याची दोन शिखरे दिसतात आणि त्यांमधल्या दरीपाशी पेटीचा स्वर सापडतो. भोकात बसवलेली नळी लांब केली की तो उतरतो, आखूड केली की चढतो. उच्च आणि मंद्र स्वर वेगळे करणाऱ्या मंडलातील वाळलेले कपॅसिटर त्याच मूल्याचे नवे बसवावेत. जाळीचे कापड विरळ विणीचे निवडावे, कारण दाट कापड उच्च स्वर गिळते. मूळ पेटीला मात्र करवत लावू नये. प्रयोगासाठी नवी पेटी बांधावी आणि जुनी, तिच्या स्क्रूंसह, जपून ठेवावी.