मेणबत्ती, जपमाळ आणि बायबल

नोव्हेंबरची २ तारीख ही आम्हां कॅथलिक कुटुंबांत मृतांच्या स्मरणाची. आदल्या दिवशी सर्व संतांचा सण होतो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी, बेळगावात काय किंवा गोव्यात काय, ख्रिस्ती दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघते. थडग्यांभोवतीचे गवत उपटलेले असते, क्रूसांना चुना लावलेला असतो, झेंडूची आणि शेवंतीची फुले वाहिलेली असतात आणि धर्मगुरू थडग्याथडग्यांतून तीर्थ शिंपडत जातात. आमच्या मातोश्री निवर्तल्या त्या वर्षी आम्ही सारे भाऊ, सुना, नातवंडे मिळून तेथे गेलो. एक पुतण्या मात्र फाटकाबाहेर उभा राहिला. ज्या आजीने त्याला लहानाचा मोठा केला, तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला तो आत येईना.

हा मुलगा वर्षभरापूर्वी एका निराळ्या ख्रिस्ती प्रार्थनामंडळात जाऊ लागला होता. त्याच्या हातात बायबल होते आणि डोळ्यांत पाणीही होते. तो म्हणाला, "काका, मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असे यात कोठे लिहिले आहे, ते दाखवा. मी आत्ता आत येतो." आम्हांला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. साठ वर्षे मिस्सा ऐकली, जपमाळ म्हटली. परंतु हे सारे कशाच्या आधारावर, असे कोणी कधी विचारले नव्हते आणि आम्हीही स्वतःला विचारले नव्हते.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात शेजारचे निवृत्त शिक्षक फराळाचा डबा परत न्यायला आले असता आमच्या भिंतीवरील मारियेच्या तसबिरीकडे पाहून म्हणाले, "तुमच्या धर्मात मूर्तिपूजा निषिद्ध ना? मग ही समई कशाला?" एकाने दुखावून विचारले, दुसऱ्याने कुतूहलाने, प्रश्न मात्र एकच. तेव्हा आम्ही चष्मा पुसला आणि हिवाळाभर बायबल घेऊन बसलो. आम्ही पंडित नव्हे, धर्मगुरूही नव्हे. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कॅथलिक शेजारी असलेल्या मराठी घरांना त्याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

मूर्तीचा प्रश्न प्रथम घेऊ. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा आहेत. कोरीव मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, असे तेथे स्वच्छ सांगितले आहे. पुतण्याचे बोट नेमके तेथेच होते. पण त्याच ग्रंथात पाच अध्याय पुढे गेले की, तोच परमेश्वर मोशेला कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंख पसरलेले देवदूत, घडवायला सांगतो. शलमोनाने मंदिर बांधले तेव्हा गाभाऱ्यात ऑलिव्हच्या लाकडाचे, सोन्याने मढवलेले, १० हात उंचीचे दोन करूब उभे केले (१ राजे, ६ वा अध्याय). देव एका हाताने मनाई करतो आणि दुसऱ्या हाताने आज्ञा देतो, असे तर म्हणता येणार नाही. मनाई आहे ती घडवलेल्या वस्तूलाच देव मानण्याची.

या बाबतीत आम्हांला सर्वांत बोलकी वाटली ती पितळी सर्पाची कथा. अरण्यात विषारी सापांनी लोक मरू लागले, तेव्हा परमेश्वराने मोशेला पितळेचा सर्प करून खांबावर टांगण्यास सांगितले. दंश झालेला मनुष्य त्याच्याकडे पाही आणि वाचे (गणना, २१ वा अध्याय). योहानाच्या शुभवर्तमानात स्वतः येशू आपल्या क्रूसमरणाची तुलना त्या सर्पाशी करतो. येथवर कथा आम्हांला सोयीची आहे. पण तिचा उत्तरार्ध दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि तो कॅथलिकांनी वारंवार वाचावा असा आहे. कित्येक शतकांनंतर लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने, स्वतः मोशेने केलेला तो सर्प, तुकडे तुकडे करून टाकला. देवाच्या आज्ञेने घडलेली वस्तूसुद्धा देवाच्या जागी बसली की फोडावी लागते. इ. स. ७८७ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हाच विवेक शब्दांत मांडला: आराधना एका देवाची, आणि प्रतिमेला आदर, तो आदर प्रतिमेच्या द्वारे जिची ती प्रतिमा, तिला पोहोचतो. शिक्षकमहाशयांना आम्ही विचारले, "आपल्या वडिलांच्या फोटोला हार घालता, तो काचेला घालता की वडिलांना?" ते हसले. आमच्याकडे हा विवेक नेहमीच पाळला जातो, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. नवसाच्या गर्दीत काही भाबडी माणसे पुतळ्याशी व्यवहार करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुतण्याचा तेवढा आक्षेप मान्य.

आता मारिया. संतांना आणि मारियेला हाक मारणे म्हणजे ख्रिस्ताला बाजूला सारणे, असे त्या मंडळातील मंडळींचे म्हणणे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव आणि मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, असे पौल लिहितो. वचन खरे आहे. आम्हीही ते मानतो. पण त्याच अध्यायाच्या आरंभी, चारच ओळी आधी, पौल सर्व माणसांसाठी विनंत्या आणि मध्यस्थी करा, असा आग्रह धरतो. एकमेकांसाठी प्रार्थना केल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपण उणे होत नसेल, तर मारियेने आपल्यासाठी प्रार्थना केल्याने ते कसे उणे व्हावे? पुतण्याच्या मंडळातही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करा, अशी चिठ्ठी दिली जातेच. प्रश्न उरतो तो एवढाच, की मृत्यूनंतर हे नाते तुटते का. येशूने सदूकी पंथीयांना दिलेले उत्तर लूकाच्या विसाव्या अध्यायात आहे: अब्राहाम, इसहाक, याकोब हे देवापाशी जिवंतच आहेत. आणि प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थना धूपाच्या सुवर्णपात्रांत घेऊन असलेले दिसतात.

काना गावच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या घरी लहानपणापासून सांगितली जाते. द्राक्षारस संपला, हे प्रथम लक्षात आले ते एका आईच्या. तिने मुलाला नुसती अडचण सांगितली, आणि नोकरांना तो सांगेल तसे करा म्हणून बजावले. कॅथलिक मनुष्य मारियेकडे का जातो, हे यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला आमच्याबरोबर हिंदू भाविकही तेल वाहतात आणि तिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. धर्मशास्त्राच्या काट्यावर ही बहीणभावना बसणार नाही, हे उघड आहे. तरी त्या दिवशीच्या रांगेत उभे राहताना आम्हांला कधी परके वाटले नाही.

जपमाळेवर मत्तयाच्या सहाव्या अध्यायाचा मारा होतो: विदेशी लोकांसारखी निरर्थक बडबड करू नका. मग एकच नमस्कार पन्नास वेळा का? त्या नमस्काराचा पूर्वार्ध लूकाच्या पहिल्या अध्यायातून घेतलेला आहे. देवदूताचे अभिवादन आणि अलीशिबेने काढलेले धन्योद्गार. उत्तरार्धातील विनवणी ख्रिस्तसभेने पुढे जोडली. मणी मोजण्याची रीत बायबलात नाही, ती मध्ययुगात आकारास आली, हे मोकळेपणाने सांगावे. पण पुनरावृत्तीच दोषास्पद म्हणावी, तर गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा जाऊन तेच शब्द पुन्हा बोलून प्रार्थना केली, हे मत्तयच सव्विसाव्या अध्यायात लिहितो. आणि १३६ व्या स्तोत्राच्या २६ही ओळींना एकच ध्रुवपद आहे. निषेध आहे तो मन नसलेल्या बडबडीचा. तशी जपमाळ आम्हीही पुष्कळदा म्हटली आहे, रात्री जेवणाआधी, डुलक्या घेत, आणि आईचा धपाटा खाऊन.

फादर या शब्दावर फार वेळ घालवायचे कारण नाही. पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, असे येशू म्हणतो खरे. पण त्याच श्वासात गुरू म्हणवून घेऊ नका, असेही म्हणतो, आणि मास्तरांना गुरुजी म्हणायला कोणाचीच हरकत नसते. पौल करिंथकरांना आपण शुभवर्तमानाद्वारे तुमचा पिता झालो, असे लिहितो. रोख मानमरातबाच्या हव्यासावर आहे, आणि तो हव्यास आमच्या काही धर्मगुरूंना लागू पडतो, तेवढे त्यांनी पाहावे.

पापनिवेदनाचा विषय अधिक नाजूक. देवाखेरीज पापांची क्षमा कोण करू शकतो, हा प्रश्न नवा नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात शास्त्र्यांनी तो येशूविषयीच मनात आणला होता. पुनरुत्थानाच्या सायंकाळी येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना ती मिळेल, ज्यांची ठेवाल त्यांची राहील, असा अधिकार दिला (योहान, २० वा अध्याय). क्षमा करावी की ठेवावी, हे ठरवायचे तर आधी ऐकावे लागणार. निवेदनाचा उगम आम्हांला तेथे दिसतो. क्षमा देवाचीच, धर्मगुरू तिचा वाहक. आणि कानावर आलेले तो प्राण गेला तरी उच्चारू शकत नाही. मातोश्रींच्या शेवटच्या आजारात फादर आले, खोलीचे दार लोटले गेले, दहा मिनिटांनी उघडले. तेलाचा अभ्यंगसंस्कार झाला. त्याचा आधार याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शब्दशः आहे. त्यानंतर त्यांचा चेहरा जसा निवळला, तो आम्ही विसरणार नाही. तो शास्त्राधार नव्हे, हे आम्हांला ठाऊक आहे.

आता फाटकावरचा मूळ प्रश्न. याचे उत्तर शोधताना आम्हांला कळले की, पुतण्याच्या हातातले बायबल आणि आमच्या घरातले बायबल यांत फरक आहे. त्याच्या ग्रंथात ६६ पुस्तके, आमच्यात ७३. जास्तीची ७ पुस्तके यहुद्यांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात होती आणि आरंभीच्या ख्रिस्ती लोकांचा जुना करार बहुधा तोच असे. त्यांच्या अधिकाराविषयी प्राचीन काळीही मतभेद होते. संत जेरोमसारख्या विद्वानालाही शंका होती. लूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ती वेगळी काढून ठेवली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ती पवित्र ग्रंथाचाच भाग असल्याचे ठरवले.

त्यांपैकी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. लढाईनंतर यहूदा मक्काबी आपल्या मृत सैनिकांना पुरायला गेला, तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडले. आपलीच माणसे, पण धर्माज्ञा मोडून मेलेली. यहूदाने त्यांना टाकून दिले नाही. सर्वांनी मिळून त्यांच्या पापाच्या क्षमेसाठी प्रार्थना केली, त्याने चांदीचे सुमारे २००० द्राख्मा गोळा केले आणि त्यांच्यासाठी अर्पण करण्यास यरुशलेमला पाठवले. कारण मृत पुन्हा उठतील, अशी त्याची आशा होती. शुद्धिस्थानाची आमची शिकवण याच धाग्यावर उभी आहे. तिला पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राची जोड आहे, जेथे मनुष्याचे काम अग्नीने पारखले जाते आणि तो स्वतः जणू अग्नीतून तरून जातो. मक्काबी ज्यांना मान्य नाही, त्यांनी तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र पाहावे. पौल तेथे अनेसिफराच्या घराण्याला आशीर्वाद देतो आणि त्या दिवशी खुद्द अनेसिफरावर प्रभूची दया व्हावी, अशी प्रार्थना करतो. पत्राच्या शेवटीही नमस्कार त्याच्या घरच्यांनाच आहे, त्याला नाही. यावरून तो तेव्हा हयात नसावा, असे अनेक भाष्यकार मानतात. खात्रीने सांगता येत नाही, पण वाचताना मन तिकडेच झुकते.

शिक्षकमहाशयांना हे ऐकून सर्वपित्री अमावास्या आठवली. साम्य भावनेचे आहे. विधी आणि तत्त्व निराळे. आम्ही मृतांना अन्नोदक देत नाही, देवाजवळ त्यांची शिफारस करतो. पण १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यातून बाहेर पडलेले क्रिस्तपुराण आमच्या कपाटात आहे, आजच्या आवृत्तीत अर्थात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या रूपात सांगितली, ती इथल्या माणसाला आपल्या कानांनी ऐकता यावी म्हणून. दोन घरांमधल्या भिंतीला खिडकी ठेवण्याचे काम तेव्हापासून मराठीने केले आहे.

हे सारे आम्ही पुतण्याला एका रविवारी सांगितले. त्याने वही काढली, संदर्भ टिपून घेतले, हिज्कीयाच्या गोष्टीवर तो बराच वेळ बोलला आणि मक्काबी आपल्या बायबलात नाही, म्हणून मान हलवून गेला. आम्ही रागावलो नाही; थोडे खट्टू झालो, इतकेच.

पुढच्या वर्षी २ नोव्हेंबरला आम्ही दफनभूमीत पोहोचलो, तेव्हा मातोश्रींच्या थडग्याभोवतीचे गवत कोणीतरी आधीच उपटून ठेवले होते आणि क्रूसाचा चुना अजून ओला होता. तो आत, भिंतीपाशी, हात पुसत उभा होता. मेणबत्ती त्याने लावली नाही. त्याच्या वाटणीची आम्ही लावली. ती वाऱ्याने विझू नये म्हणून तो वाऱ्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.