जठराचा कॅन्सर आणि अँटिबायोटिकची वेळ

जठरातल्या तीव्र आम्लात जिवाणू तगणारच नाहीत, असे वैद्यकशास्त्र कित्येक वर्षे धरून चालले होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये रुग्णांच्या जठरातूनच हेलिकोबॅक्टर पायलोरी वेगळा काढला. कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. नोबेल मिळायला २००५ साल उजाडले.

हा जिवाणू युरिएज या विकराच्या मदतीने युरियापासून अमोनिया बनवतो, भोवतालचे आम्ल सौम्य करतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात घर करतो. त्याचे काही वाण ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन थेट आपल्या पेशींत टोचतात. लागण बहुधा लहानपणीच होते. बहुतेकांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. सूज मात्र आतल्या आत धुमसत राहते. दशकांनंतर आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तरात आतड्यासारख्या पेशी दिसू लागतात आणि लागण झालेल्या शंभरांतल्या एक-दोघा-तिघांत त्याचा शेवट कॅन्सरमध्ये होतो. जपानमध्ये १,५२६ जणांवर सुमारे आठ वर्षे लक्ष ठेवले गेले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला, आणि ते सगळे लागण झालेलेच होते. लागण नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही तो झाला नाही.

म्हणूनच तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून लोकांची सरसकट तपासणी करून अँटिबायोटिक दिली गेली. तिथे या कॅन्सरचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. कॅन्सर गोळ्यांच्या एका छोट्या कोर्सने टळू शकतो, याहून दिलासा देणारी गोष्ट मला तरी ठाऊक नाही. माल्ट लिम्फोमा या जठराच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये तर सुरुवातीच्या टप्प्यात केवळ जिवाणू मारल्याने अनेकांची गाठ विरघळते.

पण ग्रंथी एकदा झिजल्या की आम्ल कमी होते आणि तोंडातले जिवाणू खाली येऊन वस्ती करतात. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस उंदरांच्या जठरात सूज आणि कॅन्सरपूर्वीचे बदल घडवू शकतो, असे २०२४ मध्ये दिसून आले. हेलिकोबॅक्टर तोवर ओसरलेलाही असतो. त्या टप्प्यावर त्याला मारून मिळणारा फायदा तोकडा पडतो.

कॅन्सर झाल्यावर तर चित्र आणखी पालटते. इम्युनोथेरपी रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडते, आणि त्या शक्तीला तयार ठेवण्यात आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. उपचाराच्या तोंडावर अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत इम्युनोथेरपीचा परिणाम कमी दिसल्याची नोंद अनेक कॅन्सरांत झाली आहे. सर्दी-खोकल्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी अशा रुग्णाला महाग पडू शकते. गंभीर संसर्ग झाला तर अर्थातच अँटिबायोटिक द्यावीच लागते, पण तो निर्णय ऑन्कॉलॉजिस्टला कळवूनच व्हायला हवा.

भारतात हेलिकोबॅक्टर घरोघरी आहे, तरी हा कॅन्सर जपान-कोरियाच्या मानाने कमी. मिझोराम मात्र ठळक अपवाद. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी वर्षानुवर्षे पित्ताच्या गोळ्यांवर न काढता श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्यावी. कोर्स अर्धवट सोडू नये, आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. जिवाणूंनी औषधांना दाद न देण्याचे प्रमाण आपल्याकडे बरेच आहे.