वर्ग, वस्तू आणि मोजणी

पायथन ही संगणकभाषा गिडो व्हॅन रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली लोकांसमोर ठेवली. तिचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषा, मात्र ‘सी’ या जुन्या व काटेकोर भाषेत लिहिलेला आहे. ‘सी’मधील आज्ञावलीला पायथनच्या वर्गांशी व वस्तूंशी थेट व्यवहार करावयाचा असेल, तर तिला या माजघरात शिरावे लागते.

वर्ग म्हणजे साचा आणि वस्तू म्हणजे त्यातून निघालेला मोदक, असे सामान्यतः सांगितले जाते. दृष्टान्त सोयीचा आहे, पण अपुरा आहे. मोदकाचा पुढे साच्याशी संबंध उरत नाही. पायथनमधील वस्तू मात्र आपल्या वर्गाचा पत्ता सतत जवळ बाळगते. शिवाय येथे साचा हीदेखील एक वस्तूच असते!

प्रत्येक वस्तूच्या आरंभी दोन महत्त्वाच्या नोंदी आढळतात : एक वर्गाचा पत्ता आणि दुसरी, ती वस्तू किती ठिकाणांहून धरून ठेवली आहे याची संख्या. नवी वस्तू हवी असल्यास वर्गालाच हाक मारावी लागते. तो स्मृतीत जागा मिळवितो व तीत आरंभीची मूल्ये भरतो. हे न जमल्यास हाती रिकामा पत्ता येतो. तो न तपासता पुढे जाणारी आज्ञावली बहुधा तेथेच कोसळते.

खरी कसोटी त्या संख्येची असते. पायथनमध्ये लिहिणाऱ्यासाठी ती आपोआप वाढते व घटते. ‘सी’मध्ये लिहिणाऱ्याला हा हिशेब स्वतः ठेवावा लागतो. वस्तू धरताना एक मिळवायचा, सोडताना एक वजा करायचा. संख्या शून्यावर आली की वस्तू नष्ट होते. वजाबाकी राहून गेली, तर निरुपयोगी वस्तू साठत जातात आणि दिवसरात्र चालणारी यंत्रणा हळूहळू गुदमरते. वजाबाकी एकदा अधिक झाली, तर संकट मोठे. वस्तू वापरात असतानाच नाहीशी होते आणि तिच्या जागी आलेली भलतीच माहिती वाचली जाते. अशी चूक घडते एकीकडे, उमटते दुसरीकडे. म्हणूनच ती शोधणे कष्टाचे.

त्यात नियम सर्वत्र सारखा नाही. वस्तूचा गुणधर्म मागितला, तर उत्तर मालकीने मिळते व ते सोडण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. यादीतील घटक जुन्या पद्धतीने मागितला, तर तो केवळ उसना मिळतो. हा भेद मिळालेल्या वस्तूकडे पाहून कळत नाही. त्यासाठी माहितीपुस्तिकाच उघडावी लागते. २०२४ साली आलेल्या ३.१३ या आवृत्तीत यादीतील घटक मालकीने देणारी निराळी सोय करण्यात आली. जुनी पद्धत मात्र काढून टाकली गेली नाही, कारण तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या असंख्य आहेत.