तबकडीवरचा आवाज

पोलादपूर तालुक्यातील कापडे हे आमचे गाव. सह्याद्रीच्या कुशीत असल्यामुळे तेथे पाऊस धो धो कोसळतो. चार महिने भिंतींना ओल असते आणि पेटीतल्या कपड्यांनाही बुरशीचा वास येऊ लागतो. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास स्वच्छ ऊन पडले, तेव्हा मी माळ्यावरची एक जुनी लोखंडी पेटी खाली उतरवली. ती माझ्या चुलत्यांची होती. चुलते मुंबईत परळच्या एका गिरणीत कामाला होते. एका वर्षी गणपतीला गावी येताना त्यांनी चावीचा ग्रामोफोन आणला. त्या काळी गावात वीज नव्हती. पण ग्रामोफोनला विजेची गरजच नव्हती. चावी फिरवली, नवी सुई बसवली की काम झाले. आमच्या ओटीवर तो वाजू लागला की अर्धी वाडी अंगणात येऊन बसत असे.

पेटीत चौदा तबकड्या निघाल्या. त्यांच्याबरोबर एक कॅसेटही होती. ती मी ठेवलेली होती. १९८६ च्या श्रावणात माझ्या वडिलांचे भजन मी तिच्यावर उतरवून घेतले होते. वडील काही नावाजलेले गायक नव्हते. दिवसभर नाचणीच्या शेतात राबावे आणि एकादशीला वीणा हाती घ्यावी, असे ते गृहस्थ.

तबकड्यांवर आणि कॅसेटवर, दोहोंवरही पांढरी बुरशी चढली होती. मी तबकड्या सौम्य साबणाच्या पाण्याने अलगद धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि एकेक लावून पाहिली. खरखर पुष्कळ होती, परंतु तेरा तबकड्या गाऊ लागल्या. एक आधीच तडकलेली होती. मग मोठ्या आशेने कॅसेट यंत्रात घातली. तिची फीत आतल्या चाकांना चिकटली, ताणली गेली आणि तुटली. साठ वर्षांच्या तबकड्या बोलल्या आणि तीस वर्षांची कॅसेट मुकी झाली! असे का व्हावे, हे समजण्यासाठी आवाज साठवतात कसा, ते आधी पाहिले पाहिजे.

आवाज म्हणजे हवेचे कंपन. गळ्यातून स्वर निघाला की हवा थरथरते आणि ती थरथर आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचते. ही थरथर एखाद्या वस्तूवर कोरून ठेवता आली तर? अमेरिकेतील एडिसन ह्या संशोधकाने १८७७ साली ते करून दाखवले. फिरत्या नळकांड्यावर त्याने कथलाचा पातळ पत्रा गुंडाळला आणि आवाजाने थरथरणाऱ्या सुईने त्यावर खुणा उमटवल्या. पुढे दहा वर्षांनी एमिल बर्लिनर ह्याने नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरली. तबकडीचा ठसा तयार करून तिच्या हव्या तेवढ्या प्रती छापता येतात, हा तिचा मोठा गुण. पुस्तक छापावे तसा आवाज छापता येऊ लागला.

भिंगातून तबकडी पाहिलीत तर तिच्यावर एक बारीक खाच दिसेल. ती बाहेरच्या कडेपासून मध्यापर्यंत गोल गोल जाते. ही खाच सरळ नसते, नागमोडी असते. ती वळणे म्हणजेच गायकाच्या आवाजाचे चित्र. सुई त्या वळणांवरून धावते, डावीउजवीकडे हलते, आणि पुन्हा तीच थरथर निर्माण होते. येथे कसलीही गुप्त लिपी नाही. खाच हाच आवाज.

जुन्या तबकड्या लाखेच्या असत. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे लाखेचे किडे ही राळ तयार करतात, आणि जगाला ती फार मोठ्या प्रमाणात आपल्या देशातूनच जाई. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख युरोपात जायची आणि तिची तबकडी होऊन आपल्याकडे परत यायची! ह्या तबकड्या जड आणि ठिसूळ. हातातून निसटली की कौलासारखे तुकडे. त्या पाण्याने धुवाव्यात, स्पिरिटने कधीही पुसू नयेत. कारण लाख स्पिरिटात विरघळते.

लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. आपल्या गवयांना हे केवढे संकट वाटले असेल! रंगभूमीवर ज्यांचे एकेक पद 'वन्स मोअर' घेत कितीतरी वेळ चाले, त्या बालगंधर्वांना तेच पद तीन मिनिटांत बसवावे लागे. मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखाँ ह्यांनी संपूर्ण रागाचा अर्क तेवढ्याच वेळात काढून दाखवला. अत्तराच्या कुपीत बाग मावावी तसे ते आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान ह्या गायिकेचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगे. ह्यात मिरवणे नव्हते. तबकड्या तेव्हा जर्मनीत छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे लागे.

१९४८ साली व्हायनिल नावाच्या प्लॅस्टिकची तबकडी आली. ती मिनिटाला सवातेहेतीस फेऱ्यांहून किंचित अधिक फिरे. तिच्या खाचा बारीक, त्यामुळे एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वेळ गाणे मावू लागले. १९६३ साली कॅसेट निघाली. तिच्यात प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या संयुगाचा पातळ थर असतो आणि आवाज चुंबकाच्या साहाय्याने त्यात साठवला जातो. कॅसेट नाजूक खरी. पण तिचे उपकार मी विसरणार नाही. तबकडी छापायला कारखाना लागे, म्हणून तिच्यावर नामांकितांचेच गाणे चढे. कॅसेटने कापड्यातल्या शेतकऱ्याचे भजनही टिपले. १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क म्हणजे सीडी आली. तिच्यात एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० वेळा मोजणी करून ते आकडे लिहिलेले असतात, आणि लेसर किरण ते वाचतो. आज तुम्ही मोबाइलवर ऐकता ती गाणीही आकड्यांचीच आहेत.

मग आता तबकडी संपलीच, असे सर्वांना वाटले. मुंबईतील काळा घोडा भागातले 'ऱ्हिदम हाऊस' हे प्रसिद्ध दुकान २०१६ साली बंद झाले. पण गंमत पाहा. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या रकमेपेक्षा अधिक भरली. १९८० नंतरच्या दशकात मागे पडलेली तबकडी पुन्हा पुढे गेली. २०२२ साली तर नगांच्या संख्येतही तिने सीडीला मागे टाकले. आपल्याकडेही २०२४ साली मुंबई परिसरात तबकड्या छापण्याचे काम पुन्हा सुरू झाले. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्यांत आता तरुणही दिसतात.

पुष्कळजण म्हणतात, तबकडीचा आवाज अधिक गोड. मला हे सर्वस्वी पटत नाही. मोजून पाहिले तर सीडीचा आवाज अधिक स्वच्छ आणि अचूक असतो. तबकडी दरवेळी थोडी झिजते, तिच्यावर धूळ बसते, आणि ती महागही पडते. परंतु तबकडी ऐकायची म्हणजे जागेवर बसावे लागते. वेष्टनातून जपून काढा, सुई ठेवा, बाजू संपली की उठून उलटा. इतके कष्ट घेतल्यावर मनुष्य गाणे लक्ष देऊन ऐकतो. शिवाय ती वस्तू आपल्या मालकीची असते. मोबाइलवरचे गाणे बहुधा दुसऱ्याच्या भांडारातले असते. भांडारवाल्याने काढून घेतले की ते गेले.

तबकडीवर सर्वांत मोठा विश्वास टाकला तो शास्त्रज्ञांनी. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. दूरच्या एखाद्या जगात बुद्धिमान प्राणी असलेच, तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी ठेवली. सुईही बरोबर दिली आणि ती कशी वाजवावी ह्याच्या आकृत्या आवरणावर कोरल्या. त्या तबकडीवर आपल्या देशातले एकच गाणे आहे. ते गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर ह्यांनी गायिलेले. भैरवी रागातली ती साडेतीन मिनिटे आज सूर्यमालेतील ग्रहांच्या कितीतरी पलीकडे गेली आहेत. अनोळखी प्राण्याला आपली आकडेलिपी कशी कळणार? पण खाचेवरून सुई फिरवणे त्याला कदाचित जमेल.

माझी कॅसेट मी पुण्यातील एका जाणकार कारागिराकडे नेली. त्याने फीत उलगडून हलक्या हाताने पुसली, तुटलेली टोके जोडली आणि ती नव्या डबीत भरली. पुन्हा वाजवल्यास तुटण्याचा संभव होता, म्हणून पहिल्याच वेळी आवाज संगणकात उतरवून घेतला. तासाभराच्या मुद्रणातली अकरा मिनिटे हाती आली. अर्धा अभंग आहे, थोडा टाळांचा नाद आहे. मग वडील मध्येच गाणे थांबवून आईला सांगतात की, दार लोटून घे, पावसाची झड आत येते आहे. त्यानंतर दाराची कडी वाजते आणि पुढे नुसता पाऊस ऐकू येतो. त्या अकरा मिनिटांच्या तीन प्रती मी केल्या असून एक मुंबईस, एक पुण्यास आणि एक कापड्यास आहे. कापड्याची प्रत मी दर दसऱ्याला वाजवून पाहतो.