तुळईवरचे काळे डाग

गेल्या वैशाखात आमच्या कोकणातल्या घराच्या माजघराची तक्तपोशी उतरविली. फळ्या निघाल्या तशी वरची ऐनाची तुळई उघडी पडली आणि सारे घर तिच्याखाली गोळा झाले. तुळईवर ठिकठिकाणी निळसर काळे डाग होते. जणू कुणी शाईची दौतच उपडी केली असावी. आजीला त्यांत अपशकुन दिसला, तर सुतारमामांना बुरशी. "लाकूड गेलं, अण्णा. तुळई बदलायला हवी," असा मामांनी निकाल दिला. तुळई बदलायची म्हणजे अख्खा माळा उतरवायचा; आणि घरात होते ते पैसे कौलांसाठी बाजूला काढलेले होते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. तरीही एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. डाग वाटेल तेथे नव्हते. प्रत्येक डागाच्या मध्याशी एक गंजका खिळा होता आणि तेथून काळी रेघ लाकडाच्या शिरांप्रमाणे लांबत गेली होती. बुरशी खिळे शोधीत कशाला फिरेल?

पुस्तके चाळली तेव्हा उलगडा झाला. ऐनात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ऐन आणि हिरडा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीतले वृक्ष, आणि हिरड्याचा तुरटपणाही टॅनिनचाच. ओलीने खिळा गंजतो, लोखंडाचा अंश पाण्याबरोबर लाकडात झिरपतो आणि टॅनिनशी त्याचा संयोग होऊन निळाकाळा रंग तयार होतो. मायफळ आणि हिराकस यांपासून केलेल्या ज्या शाईने युरोपात शतकानुशतके दस्तऐवज लिहिले गेले, तिचे रहस्य हेच. आंध्रातील कलमकारीतही हिरड्याच्या पाण्यात भिजविलेल्या कापडावर लोखंड व गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळ्या रेषा काढतात. आमच्या तुळईने ही शाई आपली आपणच तयार केली होती!

खात्रीसाठी एका वाटीत हिरड्याचे पाणी घेऊन त्यात गंजका खिळा टाकला. पाणी काळे पडत गेले. मग एका डागावर लिंबाची फोड चोळली. थोड्या वेळाने डाग फिकटला. लिंबातील आम्ल लोखंडाला आपल्याकडे ओढून घेते. बुरशीचा डाग असा विरत नाही. मामा ते पाहून गप्प झाले, पण लगेच म्हणाले, "बरं, मग खिळ्याला पाणी मिळालं कुठून?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि खरा प्रश्न तोच होता. वर चढून पाहिले तर भिंतीलगतची दोन कौले फुटलेली. मामांनी पटाशीने तुळई तपासायला सुरुवात केली. काळ्या डागांतही लाकूड टणक होते. (ओल फार वर्षे टिकली, तर मात्र खिळ्यालगतचे लाकूडही ठिसूळ होते.) परंतु भिंतीत शिरलेल्या टोकाशी, जेथे एकही काळा डाग नव्हता, पटाशी दोन बोटे आत गेली. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला लाकडात सुमारे २० टक्क्यांहून अधिक ओल लागते. उघडे लाकूड वाऱ्याने वाळते. चिऱ्यांत कोंडलेले टोक वाळत नाही. ज्या डागांनी आम्हांला घाबरविले ते निरुपद्रवी होते, आणि जेथे कुणाची नजरही गेली नव्हती तेथे कूज होती.

तुळई बदलावी लागली नाही. मामांनी कुजलेले टोक कापले, ऐनाचाच तुकडा सांधला आणि सांध्याखाली खांब उभा केला. बोल्ट मात्र न गंजणाऱ्या पोलादाचे घातले. कौले बदलली. माळा जागच्या जागी राहिला.

डाग आम्ही पुसले नाहीत. आजी आता आल्यागेल्याला वर बोट दाखवून सांगते, "घाबरू नका हो, शाई आहे ती."