‘नोफॉलो’ म्हणजे कुलूप नव्हे

एचटीएमएलमधले ‘रेल’ हे ॲट्रिब्यूट एवढेच सांगते की, दुवा ज्या पानावर आहे आणि जिथे नेतो, त्या दोघांचे नाते काय. ते वाचून पुढे काय करायचे, हे ब्राउझर किंवा सर्च इंजिन ठरवते. नोफॉलो, नोओपनर, नोरेफरर, कॅनॉनिकल ही त्याचीच मूल्ये; त्यांच्याबद्दलच्या गैरसमजांची सुरुवात इथेच होते.

गैरसमज: नोफॉलो लावले की ते पान गूगलच्या शोधात येत नाही.
प्रतिक्रियांमध्ये दुवे पेरून क्रमवारी वर नेण्याच्या प्रकाराला आळा घालायला २००५ मध्ये नोफॉलो आले. ‘या दुव्याची शिफारस आम्ही करत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. तेच पान दुसऱ्या कुठल्या दुव्यावरून किंवा साइटमॅपमधून सापडू शकते. शिवाय मार्च २०२० पासून गूगल नोफॉलोकडे आज्ञा म्हणून नव्हे, सूचना म्हणून पाहते. पान शोधातून खरोखर वगळायचे तर त्या पानावरच नोइंडेक्स हवे, आणि रोबोट्स फाइलमध्ये त्याला बंदी नको. कारण बॉटला आतच येता आले नाही, तर तो नोइंडेक्स वाचणार कसा? पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्यांसाठी ‘यूजीसी’ ही मूल्ये २०१९ पासून आहेत; ती वापरणेच अधिक प्रामाणिक.

गैरसमज: नोओपनर हे एसईओसाठी असते.
त्याचा क्रमवारीशी संबंध नाही; तो सुरक्षेचा प्रश्न आहे. ‘टार्गेट ब्लँक’ने नव्या टॅबमध्ये उघडलेल्या पानाला पूर्वी ‘विंडो ओपनर’मार्फत मूळ टॅबपर्यंत पोहोचता येई. वाचक नव्या टॅबमध्ये गुंतलेला असताना मागच्या टॅबमध्ये हुबेहूब दिसणारे बनावट लॉगिन पान आणून ठेवणे त्यामुळे शक्य होते. आताचे प्रमुख ब्राउझर अशा दुव्यांना नोओपनर आपोआप लागू करतात; क्रोममध्ये हे ८८व्या आवृत्तीपासून होते. जुन्या ब्राउझरांसाठी मात्र ते लिहिलेले बरे.

नोरेफरर याहून कडक. त्यात नोओपनर येतेच, शिवाय वाचक कुठून आला हेही पुढच्या संकेतस्थळाला कळवले जात नाही. म्हणून आपल्याच दुसऱ्या संकेतस्थळाकडे नेणाऱ्या दुव्यांवर ते सरसकट लावले, तर तिथल्या वाचकसंख्येच्या नोंदी फसव्या होतात.

गैरसमज: कॅनॉनिकल वाचकाला मूळ पानावर नेते.
ते काम रीडायरेक्टचे. कॅनॉनिकल फक्त सर्च इंजिनला सांगते की, सारख्या पानांपैकी प्रमुख कोणते मानावे. गूगल दुसरेच पान निवडू शकते.

गैरसमज: अनेक मूल्यांमध्ये स्वल्पविराम द्यावा.
एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे मूल्ये मोकळ्या जागेने वेगळी करतात. गूगल स्वल्पविराम चालवून घेते. ब्राउझर मात्र स्वल्पविरामाने चिकटलेले ‘नोफॉलो,नोओपनर’ हे एकच अनोळखी मूल्य समजतो आणि काहीही न दाखवता सोडून देतो.